ऑलिव्हिया डी हॅविलंड: 'मेलनी' म्हणून लक्षात ठेवायची की वॉर्नर ब्रदर्सला हरवणारी म्हणून?

रेवा
ऑलिव्हिया डी हॅविलंड म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना 'गॉन विथ द विंड'मधली मेलनी आठवते. सोशीक, गोड, सगळ्यांचं भलं चिंतणारी आणि शेवटी मरणारी. २६ जुलै २०२० ला पॅरिसमध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी ती गेली, तेव्हा मी वाचलेले मृत्युलेखही मेलनीपासूनच सुरू झाले होते. मला हे पटत नाही. तिचं सर्वांत मोठं काम पडद्यावर झालंच नाही, ते कॅलिफोर्नियाच्या कोर्टात झालं, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. जन्म १ जुलै १९१६, टोकियो. आईवडील ब्रिटिश. १९१९ मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात आली आणि सॅराटोगा या गावात राहिली. (धाकटी मुलगी म्हणजे जोन फॉन्टेन, तिच्यावर बोलणं होईलच.) ऑलिव्हियाला शिक्षिका व्हायचं होतं, मिल्स कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली होती. १९३४ साली मॅक्स राइनहार्ट या दिग्दर्शकाने हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' हे नाटक बसवलं. त्यात हर्मियाच्या भूमिकेसाठी ही बदली कलाकाराचीही बदली होती. मुख्य नटीने नाटक सोडलं, बदलीही गेली आणि १८ वर्षांची ही पोरगी रंगमंचावर उभी राहिली. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओने लगेच करार केला. आठवड्याला २०० डॉलर. १९३६ मध्ये त्याजागी सात वर्षांचा नवा करार झाला.

खरी गोम त्या करारात होती. स्टुडिओ देईल ती भूमिका करायची. नाही म्हटलं की 'सस्पेंड', म्हणजे पगार बंद. वर जितके दिवस सस्पेंड, तितके दिवस कराराच्या शेवटी जोडायचे. नाही म्हणणाऱ्याची सात वर्षं संपणार कधी? १९४३ मध्ये तिची मुदत संपली, तर स्टुडिओ म्हणाला, अजून साधारण सहा महिने बाकी आहेत. तिने मार्टिन गँग नावाच्या वकिलाला गाठलं आणि दावा ठोकला. डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टाचा निकाल तिच्या बाजूने लागला. १९४५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. संपलं.

तुम्हाला काय वाटतं? भूमिका मोठी की खटला? आणि तिचे कमी चर्चेतले सिनेमे कोणी पाहिलेत का?

अबोली
धागा आवडला. मी मेलनीच्याच पक्षात होते, पण खटल्याचं काहीच माहीत नव्हतं. वाचतेय.

जुना पिक्चरवाला
रेवाताई, खटल्याचं मोठेपण शंभर टक्के मान्य. पण मेलनीला 'सोशीक, गोड' म्हणून निकालात काढू नका हो, जीव दुखावतो.

तो प्रसंग आठवा. घरात शिरलेल्या शिपायाला नायिका स्कार्लेट गोळी घालते. मेलनी बाळंतपणातून उठलेली, अंगात त्राण नाही, तरी जिन्याच्या वर उभी असते आणि हातात भावाची तलवार, जी तिला धड उचलतही नाही. प्रेत बघून किंचाळत नाही. घरच्यांना खिडकीतून शांतपणे खोटं सांगते, की पिस्तूल साफ करताना बार उडाला. मग शिपायाची पिशवी तपासायची का असं स्कार्लेटला सुचवते, आणि जमिनीवर रक्त सांडू नये म्हणून अंगावरचा झगा काढून देते. हे सगळं त्याच मऊ आवाजात. स्कार्लेटच्या बरोबरीने धीराची बाई आहे ती, फक्त तिचा आवाज चढत नाही. साडेतीन तासांहून लांब सिनेमात चांगुलपणा कंटाळवाणा होऊ न देणं हे नटीचं काम आहे, आणि ते स्कार्लेट झालेल्या व्हिव्हियन लीच्या कामाइतकंच अवघड होतं.

शिवाय ती भूमिका तिला आयती मिळाली नाही. निर्माता सेल्झनिकच्या या सिनेमासाठी तिला उसनी द्यायला स्टुडिओचा मालक जॅक वॉर्नर तयार नव्हता. तेव्हा तिने वॉर्नरच्या बायकोला चहाला बोलावून गळ घातली, आणि बाईंनी नवऱ्याला राजी केलं. करारातून वाट काढण्याचा तिचा पहिला प्रयत्न हाच.

दत्तूशेठ
बॉसची बायको प्रसन्न तर रजा मंजूर! हे तंत्र जगभर चालतं म्हणायचं. :)

केदार_के
एक मुद्दा मांडतो. श्रेय बेटी डेव्हिसला आधी द्यायला हवं. तीही वॉर्नरचीच. १९३६ मध्ये पडेल भूमिकांना कंटाळून ती सरळ इंग्लंडला गेली, स्टुडिओने तिथल्या कोर्टात खेचली आणि ती हरली. हात हलवत परत यावं लागलं. पण नटी स्टुडिओविरुद्ध उभी राहू शकते हे तिने दाखवलं. ऑलिव्हिया त्या वाटेवरून पुढे गेली.

रेवा
केदार, डेव्हिसचं धाडस मोठंच. पण तिचा पराभव समोर दिसत असताना ऑलिव्हियाने तीच जोखीम घेतली, हे मला जास्त धाडसाचं वाटतं. डेव्हिस हरली तरी तिला स्टुडिओत काम होतं. इथे जॅक वॉर्नरने बाकीच्या कंपन्यांना कळवलं की हिला काम देऊ नका. खटला चालू असताना बाई घरी बसून होती. म्हणजे बसून नव्हती, सैन्याच्या इस्पितळांमध्ये जखमी सैनिकांना भेटत फिरत होती. अलास्का, अल्यूशियन बेटं, दक्षिण पॅसिफिक. फिजीला न्यूमोनिया झाला. आपलं करिअर संपलं असं वाटण्याच्या काळात ती हे करत होती.

ॲड. मीरा
कायद्याची बाजू थोडी स्पष्ट करते, कारण 'तिने नवा कायदा आणला' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. कायदा आधीपासून होता. व्यक्तीने स्वतः करायच्या कामाचा करार ठरावीक मुदतीपलीकडे लादता येत नाही, ही तरतूद कॅलिफोर्नियात जुनीच. १९३१ मध्ये ती मुदत सात वर्षं झाली. आज ते कलम २८५५ म्हणून ओळखलं जातं.

वाद इतकाच होता: सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, की प्रत्यक्ष काम केलेली सात वर्षं? वॉर्नरचं म्हणणं दुसरं. कोर्ट म्हणालं, कॅलेंडरची. त्यापुढचा भाग तर फार महत्त्वाचा. ही तरतूद कामगाराच्या संरक्षणासाठी आहे, त्यामुळे कामगाराने करारात सही करून हा हक्क सोडला असला तरी ते ग्राह्य नाही. सगळे स्टुडिओ सह्या घेतच होते. त्या एका वाक्याने सह्यांची किंमत गेली.

कायदा पुस्तकात पडून होता. तो वापरायला कोणीतरी आपलं नाव, पैसा आणि उमेदीची वर्षं पणाला लावावी लागतात, ते हिने केलं. म्हणूनच लोक त्याला आजही 'डी हॅविलंड लॉ' म्हणतात.

निनाद_पुणे
मीराताई, हे वाचून अंगावर काटा आला. पहिल्या नोकरीत मी बाँडवर सही केली होती. प्रशिक्षणाच्या नावाखाली. सोडताना इतके पैसे मागितले की वडिलांनी एफडी मोडायची तयारी केली. मूळ प्रमाणपत्रंही कंपनीकडे अडकलेली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर घेऊ नकोस." मी गप्प राहून मुदत पूर्ण केली. १९४३ मध्ये २७ वर्षांची एक बाई अख्ख्या हॉलिवूडच्या पाण्यात राहून हे वैर घेते, याचं मोल मला कळतं.

आपल्याकडे असा निकाल आहे का?

ॲड. मीरा
निनाद, मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्याचा कोणालाही अधिकार नाही, हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा.

आपल्याकडे सात वर्षांसारखी मर्यादा नाही. करार कायद्याचं कलम २७ आहे, त्यानुसार धंदा-व्यवसायाला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरतो. नोकरी सोडल्यानंतर अमुक ठिकाणी काम करायचं नाही असली अट त्यामुळे सहसा टिकत नाही. पण कराराची मुदत चालू असतानाची अट टिकू शकते. १९६७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, तोही आपल्या कल्याणमधल्या एका रेयॉन कारखान्याचा. पाच वर्षांच्या करारावरचा कर्मचारी मुदतीआधी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, आणि कोर्टाने त्याला उरलेल्या मुदतीत तिथे काम करण्यापासून रोखलं. म्हणजे तुम्हाला जबरदस्तीने कामाला जुंपता येत नाही, पण दुसरीकडचं दार बंद करता येतं. हॉलिवूडचे स्टुडिओ नेमके याच्याच जोरावर चालत होते.

स्वरदा
अवांतर आहे, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑलिव्हियाच्या चार वर्षं आधी आपल्या पुण्यात एक नटी स्टुडिओविरुद्ध उभी राहिली होती. शांता आपटे! 'कुंकू'ची नीरा. १९३९ मध्ये प्रभातशी करार आणि पैशांवरून वाद झाला, तेव्हा ती प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. ज्या जागी आज एफटीआयआय आहे, तिथेच. पुढच्या वर्षी तिने 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं, आणि या धंद्यात नट-नट्यांचं कसं शोषण होतं ते स्पष्ट मांडलं.

तिच्या बाजूने उभा राहील असा सात वर्षांचा कायदा नव्हता, संघटना नव्हती. होतं ते स्वतःचं शरीर, ते तिने फाटकाशी नेऊन ठेवलं. ऑलिव्हियाच्या नावाने कायदा ओळखला जातो आणि शांताबाईंचं उपोषण आपल्यालाच माहीत नसतं, याची मला मनापासून खंत वाटते.

अबोली
स्वरदा, खरंच माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढच. आईला विचारलं तर तिला शांता आपट्यांची गाणी पाठ, उपोषण मात्र ऐकलेलं नाही.

फिरस्ता
आम्ही कुपर्टिनोत राहतो. सॅराटोगा अगदी लागून, मुलीची कथकची शिकवणी तिथेच. आज तिथे मराठी घरं भरपूर आहेत, पण या बाईचं बालपण इथे गेलं हे किती जणांना ठाऊक असेल! तिची शाळा लॉस गॅटोसची.

तिचे सावत्र वडील फार कडक होते. शाळेच्या नाटकात 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या एलिझाबेथचं काम मिळालं, तर म्हणाले, नाटक करायचं असेल तर या घरात राहायचं नाही. ती घर सोडून ओळखीच्यांकडे राहायला गेली आणि नाटक केलं. शाळकरी वयात! जॅक वॉर्नर तिच्यापुढे उभा राहिला तेव्हा असल्या माणसाशी कसं वागायचं हे तिला नवं नव्हतं.

दत्तूशेठ
पण सख्ख्या बहिणींचं भांडण राहिलंच की! त्यावर कोणी बोलेना. मी कधीपासून पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रेवा
दत्तूशेठ, थोडक्यात सांगते. १९४२ च्या ऑस्करला दोघी एकाच गटात होत्या. ऑलिव्हिया 'होल्ड बॅक द डॉन'साठी, जोन 'सस्पिशन'साठी. जोन जिंकली. १९४७ मध्ये 'टू ईच हिज ओन'साठी ऑलिव्हिया जिंकली, तेव्हा जोन अभिनंदन करायला पुढे आली आणि हिने पाठ फिरवली, त्या क्षणाचा फोटोच आहे. पुढे बराच काळ अबोला. नायकांची भांडणं कोणी शंभर वर्षं चघळत नाही, नट्यांची चघळतात, म्हणून मला यात फार रस नाही. दोघी मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणाऱ्या सख्ख्या बहिणी आहेत, आणि अशी दुसरी जोडी नाही. मला तेवढं पुरे.

तन्मय_व्ही
थोडा वेगळा सूर लावतो. 'गॉन विथ द विंड'ची चर्चा होते आणि त्यात मॅमी झालेल्या हॅटी मॅकडॅनियलचं नाव तेरा-चौदा प्रतिसादांत येत नाही, हे खटकलं. सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर तिने ऑलिव्हियाला हरवून मिळवलं. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार. २९ फेब्रुवारी १९४० च्या त्या समारंभात तिला बाकीच्या कलाकारांबरोबर बसू दिलं नव्हतं, भिंतीकडच्या वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. अटलांटातल्या पहिल्या खेळाला तर तिला जाताच आलं नाही. ऑलिव्हियाला निदान स्टुडिओवर दावा लावायची सोय होती. हॅटीला मोलकरणीच्या भूमिका नाकारायचीसुद्धा सोय नव्हती. करारमुक्तीचं कौतुक करताना ही मुक्ती कोणाच्या वाट्याला आली हेही बोलायला हवं.

रेवा
तन्मय, तुमचा मुद्दा अगदी रास्त. ऑलिव्हियाने स्वतः नंतर सांगितलं आहे, की त्या रात्री हरल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि काही दिवसांनी हॅटी जिंकली तेच योग्य झालं असं तिला वाटू लागलं. पण तिला असं वाटल्याने हॅटीच्या वाट्याच्या भूमिका बदलल्या नाहीत, हे खरंच.

डॉ. प्राजक्ता
कमी चर्चेतल्या सिनेमांबद्दल विचारलंय म्हणून 'द स्नेक पिट' (१९४८) बद्दल लिहिते. मी मनोरुग्णांसोबत काम करते. मनोरुग्णालयावरचे सिनेमे बघताना मला बऱ्याचदा चीड येते, कारण रुग्ण एकतर भेसूर तरी दाखवतात नाहीतर विनोदी तरी. इथे तसं नाही.

सुरुवातीला ती बाकावर बसलेली असते, ऊन अंगावर, आणि आपण कुठे आहोत हे तिला कळत नसतं. कोणीतरी प्रश्न विचारतंय, ती उत्तर देते, पण विचारणारा खरा आहे की नाही याची खात्री तिला नाही. तिच्या डोळ्यांकडे बघा. आधी भीती, मग ती लपवायची धडपड, मग आपण लपवतोय हे कोणाच्या लक्षात तर आलं नाही ना याची चाचपणी. पहिल्या भेटीला आलेल्या रुग्णांच्या चेहऱ्यावर मी नेमकं हे बघते. भूमिकेसाठी तिने रुग्णालयांत जाऊन उपचार स्वतः पाहिले, वजन घटवलं, केस विस्कटलेले, मेकअप नाही. १९४८ मध्ये कुठली नायिका असं दिसायला तयार होती?

विजेच्या उपचाराचं दृश्य बघवत नाही. तेव्हा भूल न देता ते करत. आता भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय करता येत नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर तसं करायला स्पष्ट मनाई आहे. आजच्या रुग्णांच्या नातेवाइकांनी हा सिनेमा बघून घाबरू नये म्हणून मुद्दाम लिहिलं.

या सिनेमासाठी तिला नामांकन मिळालं, ऑस्कर नाही. मला विचाराल तर तिचं सर्वोत्तम काम हेच.

जुना पिक्चरवाला
डॉक्टर, सुंदर लिहिलंत. पण माझं मत 'द एअरेस'ला (१९४९). ती न्यूयॉर्कला नाटक बघून आली आणि स्वतः विल्यम वायलरकडे गेली, हे आपण करू या म्हणून. स्टुडिओ देईल ते करणारी मुलगी आता दिग्दर्शकाकडे विषय घेऊन जात होती.

त्यातले जिन्यावरचे दोन प्रसंग बघा. पहिल्यांदा प्रियकर पळवून न्यायला येतो म्हणून ती रात्रभर वाट बघते, तो येत नाही, आणि ती बॅग घेऊन जिना चढते. वायलर पुन्हा पुन्हा तोच शॉट घ्यायला लावत होता. वैतागून तिने बॅग त्याच्या दिशेने भिरकावली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बॅग रिकामी आहे. त्याने ती पुस्तकांनी भरायला लावली. आता तिचा खांदा खरोखर खाली ओढला जातो, पावलं जड पडतात. आणि शेवटी, वर्षांनी तोच प्रियकर परत येऊन दार ठोठावतो, तेव्हा ती भरतकामाचा शेवटचा धागा कापते, मोलकरणीला कडी लावायला सांगते, दिवा उचलते आणि तोच जिना चढते. मान ताठ. दार बडवलं जातंय आणि तिची पावलं जराही थांबत नाहीत. तिचं दुसरं ऑस्कर.

केदार_के
सगळे कौतुक करताहेत म्हणून उलट बाजू. याच बाईंनी २०१७ मध्ये, १०१ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, एफएक्स वाहिनीवर दावा लावला. 'फ्यूड' मालिकेत आपल्याला न विचारता आपलं पात्र दाखवलं, बहिणीबद्दल शिवी तोंडी घातली म्हणून. ती जिंकली असती तर खऱ्या माणसांवर सिनेमा काढणं मुश्कील झालं असतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने दावा फेटाळला आणि मला तो निकाल बरोबर वाटतो.

ॲड. मीरा
केदार, निकाल मलाही बरोबर वाटतो. हयात माणसाचं चित्रण करायला त्याची परवानगी लागू लागली तर सत्ताधाऱ्यांवर कोणी काही काढूच शकणार नाही. पण तिचा राग मला समजतो. आयुष्यभर जिने चहाटळकी टाळली, तिच्या तोंडी शिवी घालायची, तीही ती जिवंत असताना. वयाच्या शंभरीनंतर कोर्टाची पायरी चढायची उमेद मला मोठी वाटते, दावा हरला तरी.

निनाद_पुणे
या 'डी हॅविलंड लॉ'चा आज कोणाला उपयोग होतो का?

ॲड. मीरा
होतो. 'थर्टी सेकंड्स टू मार्स' या बँडवर २००८ मध्ये त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने तीन कोटी डॉलरचा दावा लावला होता, तेव्हा त्यांनी हेच सात वर्षांचं कलम पुढे केलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. गायकांची वाट मात्र सोपी नाही. १९८७ मध्ये कंपन्यांनी कायद्यात दुरुस्ती करून घेतली, त्यामुळे सात वर्षांनंतर सोडून गेलं तरी न दिलेल्या अल्बमांची भरपाई मागता येते.

रेवा
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नावर अजूनही माझं मत तेच आहे, आणि जुना पिक्चरवाला व डॉक्टरांच्या प्रतिसादांनी ते पक्कं झालं. 'टू ईच हिज ओन', 'द स्नेक पिट', 'द एअरेस' हे तिन्ही सिनेमे निकालानंतरचे आहेत आणि एकही वॉर्नरचा नाही. त्याआधी नायक एरॉल फ्लिनबरोबर आठ सिनेमे, त्यातल्या बहुतेकांत ती सुंदर दिसायला आणि सुटका व्हायला होती. काम निवडायचं स्वातंत्र्य कोर्टाने दिलं आणि साधारण पाच वर्षांत दोन ऑस्कर आली.

जुना पिक्चरवाला
यावर मी भांडणार नाही. फक्त मेलनीचं नाव त्या यादीत पहिलं ठेवा. तीही तिने वॉर्नरच्या इच्छेविरुद्धच मिळवली होती.

अबोली
'द स्नेक पिट' शनिवारी आईबरोबर बघतेय. डॉक्टर, काही प्रश्न पडले तर इथेच विचारीन. आणि स्वरदा, शांता आपट्यांच्या धाग्याची वाट बघतेय, टाळू नकोस.

स्वरदा
लिहायला घेतलाय. 'जाऊ मी सिनेमात?'ची प्रत कोणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मुंबई-पुण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.